सात नंबरची दुसरी चकती

मंगळवार, ३ सप्टेंबर

ताई,

नमस्कार आहेच, पण आधी सांग, काड्या किती बसतात? मागच्या पत्रात नऊ लिहिल्यास आणि पुढे हळूच 'जवळजवळ' जोडलंस. दातांत काड्या जवळजवळ बसत नाहीत, बाई. बसतात नाहीतर बसत नाहीत. सर्जननी सांगितलंय तसं रोज सकाळी त्या चपट्या लाकडी काड्या एकावर एक रचून पाच मिनिटं धरायच्या म्हणजे धरायच्या. डोळ्यांतून पाणी आलं तर येऊ दे. ऑपरेशनपर्यंत जबडा आहे तेवढा तरी उघडा राहायला हवा, नाहीतर पुढचं सगळं अवघड होऊन बसेल.

भावोजींनी तुझ्या पत्राच्या मागे चार ओळी खरडल्यात. म्हणतात, घरात इतकी शांतता आहे की स्वतःच्या चपलांचा आवाज ऐकू येतो आणि शिव्या खाल्ल्याशिवाय जेवण पचत नाही. त्यांना सांग, थोडे दिवस कळ काढा. व्याजासकट मिळतील.

तू विचारलंस की तुमच्या त्या खोलीत माझं नक्की काय वाढतंय, लेकीला सांगता येईल असं लिही. तर तिला म्हणावं, कानाच्या पुढे बोट ठेव आणि तोंड उघड-मीट कर. बोटाखाली हलतं ना, तो जबड्याचा सांधा. त्यात दोन हाडांच्या मध्ये एक छोटी गादी असते, अंगठ्याच्या नखाएवढी, मऊ पण चिवट. कानाचा वरचा भाग कसा वाकतो पण मोडत नाही, साधारण त्या जातीची. आम्ही तिला चकती म्हणतो. दोन वर्षांपूर्वी बाजारात क्रेट्स कोसळल्या तेव्हा तुझ्या उजव्या बाजूची चकती फाटली, तिचे तुकडे काढून टाकावे लागले, आणि तेव्हापासून हाडावर हाड घासतंय. मार्चमध्ये तुझ्या बरगडीचा जो मऊ तुकडा काढला, त्यातल्या पेशी आम्ही सुट्या केल्या, खाऊपिऊ घालून लाखांनी वाढवल्या, आणि चकतीच्या आकाराच्या बारीक जाळीवर बसवल्या. जाळी हळूहळू विरघळते, पेशी आपलं घर स्वतः बांधतात. रोज काही तास एक यंत्र त्यांना दाबतं आणि सोडतं, सावकाश घास चावल्यासारखं. दाब मिळाला नाही तर त्या नुसत्या लोळतात, कामाच्या होत नाहीत. लेकीला हे मुद्दाम सांग.

एका माणसाच्या दोन चकत्या बनवतो. एकसारख्या पेशी, एकसारखं खाणं, शेजारी शेजारी. शेवटी त्यातली एक यंत्रात धरून तुटेपर्यंत ओढायची. काटा चाळीसच्या पुढे गेला तर पास, आणि मग जोडीतली दुसरी त्या माणसाच्या जबड्यात. जी बसवायची ती ओढून बघता येत नाही ना, म्हणून हा उपद्व्याप.

तुझी चाचणी गेल्या गुरुवारी झाली. एक्कावन्न. पास झालीस, ताई. सव्वीस तारीख पक्की.

बाकी इथे ठीक. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख, परदेशातल्या पाहुण्यांमध्ये अडकल्यात, त्यामुळे सगळा भार माझ्यावर आणि मास्तरांवर. मास्तर म्हणजे आमचे जुने तंत्रज्ञ; हातमोजा उलटा घातला तरी तास घेतात म्हणून मास्तर.

पत्राच्या शेवटी तू विचारलं आहेस, 'तू बघितलीस का माझी? चांगली आहे ना?' अगं, पास आहे म्हणजे झालं की. आणि हो, सर्जनपुढे माझा विषय काढू नकोस, मागे सांगितलंय तसं.

कागद संपला. काड्या दहा करून दाखव.

तुझी,
बारकी


गुरुवार, १२ सप्टेंबर

ताई,

हे पत्र एकटीने वाच. भावोजींना दाखवायचं की नाही ते मग ठरव.

कागद संपला नव्हता. अर्धं पॅड शिल्लक होतं. तू सरळ विचारलंस, चांगली आहे ना, आणि मी शेपूट घालून पळाले. त्यानंतर तुझं दहा काड्यांचं पत्र आलं. त्यात तू लिहिलंस की डिसेंबरपर्यंत बाजाराच्या कमिटीने तुझा ओटा राखून ठेवलाय, जानेवारीत पहिला लिलाव तूच पुकारणार, आणि आत्तापासून मनातल्या मनात बोली पुकारत फिरतेस. दोनदा फोन हातात घेतला आणि ठेवला. फोनवर तुला नुसतं ऐकावं लागलं असतं, या जबड्याने ओरडता आलं नसतं, आणि ते मला सोयीचं झालं असतं. म्हणून लिहिते.

आधी छोटं पाप. आमच्याकडे नियम आहे की आपल्या नात्यातल्या माणसाच्या पेशींना हात लावायचा नाही. तसा कागद भरून द्यावा लागतो. मी 'नातं नाही' वर खूण केली. तुझं सासरचं आडनाव, माझं माहेरचं. कुणाला संशय यायचं कारण नव्हतं. तुला या प्रयोगातल्या बारा जणांच्या यादीत सर्जनने घेतलं, त्यात माझा काही हात नाही, एवढं खरं आहे. पण तू सात नंबर होऊन आमच्या खोलीत आलीस तेव्हा मला वाटलं, हिच्या पेशींना दुसऱ्या कुणी खायला घालायचं? एखादा दिवस चुकला तर? मास्तरांवरसुद्धा माझा विश्वास बसेना. म्हणून तुला सांगून ठेवलं की माझं नाव काढू नकोस. तू कारण विचारलं नाहीस. विचारायला हवं होतंस.

आता मोठं.

दोन वाट्यांत तुझ्या दोन चकत्या होत्या. ऑगस्टच्या मध्यापासून मला दिसत होतं की दोघी सारख्या नाहीत. एक छान होती, पांढरीशुभ्र, सगळीकडे एकसारखी. दुसरीची मागची कड पातळ होती, उजेडात धरली तर आरपार दिसेल अशी. आणि मागची कड म्हणजे नेमकी ती जागा, जिथे तोंड मोठं उघडलं की सगळा भार येतो. का झालं असं, माहीत नाही. होतं कधी कधी.

कुठली ओढायची ते आम्ही ठरवत नाही. एक बंद पाकीट असतं, आधीच दुसऱ्या विभागाने चिठ्ठी टाकून भरलेलं. चाचणीच्या दिवशी ते फोडायचं, आत १ किंवा २ असतो. माणसाने डोळ्यांनी निवडू नये म्हणून हा सगळा बंदोबस्त.

गुरुवारी मास्तरांनी पाकीट फोडलं. आत १ होता. एक नंबर म्हणजे पातळ कडेची.

ती चाळीसच्या आत तुटली असती तर जोडीच बाद, ताई. दुसरी कितीही सुंदर असली तरी ती तुला देता येत नाही. तारीख गेली, परत बरगडी, परत पाच-सहा महिने, आणि तोवर तुझ्या जबड्याची हाडं एकमेकांना चिकटायला लागली तर सगळंच संपलं. मास्तर नोंदवही आणायला पलीकडच्या टेबलाकडे वळले. आमच्याकडे नंबर वाटीवर नसतो, झाकणावर असतो. मी झाकणं बदलली. खोकायला लागतो तेवढाच वेळ लागला.

मास्तर आले, एक नंबरचं झाकण असलेली वाटी उचलली, यंत्रात चकती लावली. एक्कावन्नला तुटली. ते म्हणाले, "वा, दणकट बाई दिसते ही सात नंबरवाली." मी हसले. खरंच हसले गं, कारण त्या क्षणी मला वाटलं की मी तुला वाचवलं.

दुपारी डबा उघडला आणि मग लक्षात आलं की मी काय केलं. जी चांगली होती ती मी तोडली. जी पातळ आहे ती तुझ्या जबड्यात जाणार आहे.

आणि हे मी कुणाच्या बाबतीत केलं? तुझ्या. बाजारातला माल उतरला की सगळे वरची क्रेट उघडतात, पुढे केलेला टोमॅटो दाबून बघतात आणि बोली सुरू करतात. तू तसं कधी केलं नाहीस. माल आणणाऱ्याने दाखवलेली क्रेट तू बाजूला ठेवायचीस आणि थप्पीच्या मधली ओढायचीस. लोक वैतागायचे, आडते तोंडावर नावं ठेवायचे, पण तुझ्या ओट्यावर घेतलेला माल घरी जाऊन कुणाला फेकावा लागला नाही. त्या दिवशी मधलीच क्रेट ओढलीस आणि अख्खी थप्पी तुझ्या हनुवटीवर आली. दवाखान्यात तुझं तोंड बांधलेलं होतं, तू पेन मागितलंस, आम्हाला वाटलं पाणी मागतेस. तू लिहिलंस, 'खाली सडकेच होते.' भावोजी रडता रडता हसायला लागले. अशा बाईला मी नमुना एक दाखवून माल दुसरा देते आहे.

तेव्हापासून रोज दोनदा उबेच्या कपाटाच्या काचेतून बघते. कड भरलीय असं वाटतं, मग वाटतं नाही भरली. आता मला स्वतःच्या डोळ्यांची खात्री राहिलेली नाही. सोमवारी तुझे सर्जन येऊन नजर टाकून गेले. छान आहे म्हणाले. त्यांना एक्कावन्न आकडा माहीत आहे ना.

तर आता असं आहे. मी गप्प बसले तर सव्वीसला तुझं ऑपरेशन होईल. कदाचित सगळं नीट होईल. कदाचित जानेवारीत तू ओट्यावर उभी राहशील, तीन-चार तास घसा फोडून बोली पुकारशील, आणि आतली कड फाटेल. तसं झालं तर परत उघडून दुरुस्त करणं आत्तापेक्षा फार कठीण, हे सर्जनने तुला सांगितलंच आहे. मी बोलले तर ऑपरेशन रद्द. ओटा जाईल. काड्या चालू ठेवून जबडा किती महिने तग धरेल ते कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

मोठ्या बाईंकडे मी आजही जाऊ शकते. पण एकदा तुझ्या वतीने, तुला न विचारता ठरवून बसले आणि त्याचं हे झालं. दुसऱ्यांदा तसं करायची माझी हिंमत नाही. जबडा तुझा आहे. तू सांगशील ते मी करेन, आणि तू सांगितलंस असं कुणाला सांगणार नाही.

मला भीती वाटतेय, ताई. नोकरीची नाही. म्हणजे तिचीही वाटतेच, खोटं कशाला बोलू. पण जास्त तुझ्या पत्राची वाटतेय.

लवकर उत्तर दे. वाईट असलं तरी लवकर दे.

बारकी


शुक्रवार, २० सप्टेंबर

ताई,

तुझी चिठ्ठी मंगळवारी मिळाली. बाजाराच्या पावतीची पाठ, आणि तिच्यावर दोन ओळी: 'ओढून बघ. ओढताना मास्तरांना समोर उभं कर. तुझ्यावर चिडले आहे, ते वेगळं.' मी ती चिठ्ठी चारपाच वेळा उलटी करून बघितली, अजून काही आहे का. नव्हतं. मग उठले आणि मोठ्या बाईंच्या खोलीत गेले.

त्यांनी मला बसायला सांगितलं नाही. मी उभ्यानेच सगळं सांगितलं, आधी नात्याचा कागद, मग झाकणं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. शेवटी एवढंच विचारलं की बाकीच्या अकरा नंबरांपैकी कुणाच्या झाकणाला कधी हात लावला होतास का. मी म्हटलं नाही. त्या म्हणाल्या, "हे आता मी कशावरून मानू?" अकराही जणांच्या नोंदी आता पहिल्यापासून तपासणार आहेत. त्यांच्यातल्या तिघांची ऑपरेशनं तुझ्याच आठवड्यात होती, तीही थांबली. ती माणसं कोण आहेत मला ठाऊक नाही, नुसते नंबर ठाऊक आहेत. तीही कुठेतरी काड्या मोजत बसली असतील. हा विचार झाकणं बदलताना माझ्या डोक्यात आलाच नव्हता.

सर्जननाही तेव्हाच बोलावून घेतलं. ते माझ्याकडे न बघता खिडकीतून बाहेर बघत ऐकत होते. तुला ते स्वतः फोन करणार आहेत. तू बोलू नकोस, ते बोलतील.

तुझी दुसरी चकती आता कुणाच्याच अंगात जाऊ शकत नव्हती. नियमाप्रमाणे ती जाळायची. मी तुझी चिठ्ठी बाईंपुढे ठेवली आणि म्हटलं, हिची मागणी आहे की ओढून बघा. बाईंनी ती वाचली, चष्मा काढून परत वाचली, आणि मास्तरांना हाक मारली.

काल सकाळी ओढली. मला यंत्राला हात लावायची परवानगी नव्हती, दारापाशी उभी राहिले. मास्तर त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाहीत. समोरून आले की वहीत बघतात. मी सांगितलेलं सगळं मान्य आहे त्यांना, पण आपण नोंदवही आणायला पाठ फिरवली हे त्यांना मान्य होत नाहीये, असं मला वाटतं. तीस वर्षांत त्यांनी कधी पाठ फिरवली नव्हती. मी बाजूला उभी होते म्हणून फिरवली.

त्यांनी चकती चिमट्यात लावली. पातळ कड माझ्या बाजूला आली. काटा हलायला लागला. वीस, तीस. मी मनात म्हणत होते, तूट. खरं सांगते तुला, ताई, ती तुटावी म्हणून मी हात जोडले होते. तुटली असती तर मी वेळेवर बोलले असं झालं असतं. तुला वाचवलं असं झालं असतं.

चाळीस गेले. पंचेचाळीस गेले. एक्कावन्न गेले.

अठ्ठावन्नला तुटली. आणि कडेला नाही, मधोमध.

चांगली होती, ताई. जी मी नाकारली ती जोडीतली चांगली होती. मी पाकिटाचं ऐकलं असतं आणि गप्प उभी राहिले असते, तर ती त्या गुरुवारी ओढली गेली असती, आणि बहुतेक पास झाली असती, आणि सव्वीसला तुझ्या जबड्यात चकती असती. मास्तर पहिल्यांदा माझ्याशी बोलले ते एवढंच, की मधल्या तीन आठवड्यांत कड भरली असेल, तेव्हा किती टिकली असती हे आता ब्रह्मदेवही सांगू शकणार नाही. माझ्यावर दया करून म्हणाले की मला शिक्षा म्हणून म्हणाले, कळलं नाही. मी बाहेर येऊन जिन्यात बसले.

तुझ्या दोन्ही चकत्या माझ्यामुळे तुटल्या. हे मी इथे सरळ लिहिते, कारण तू भेटशील तेव्हा माझ्या तोंडून निघेल याची खात्री नाही.

आता पुढचं. मला प्रयोगशाळेतून काढलेलं नाही, पण चौकशी पूर्ण होईपर्यंत आत पाऊल टाकायचं नाही. तुझं नाव मात्र यादीतून काढलेलं नाही. बाई म्हणाल्या, यात रुग्णाची काही चूक नाही, तिची तयारी असेल तर आम्ही पुन्हा करू. पुन्हा म्हणजे बरगडीचा दुसरा तुकडा, डाव्या बाजूचा. ऑक्टोबरची सात तारीख देतायत. चकत्या मार्चमध्ये तयार होतील, मास्तर स्वतः बघणार आहेत. ओटा तोवर राहणार नाही, हे मला माहीत आहे. भावोजींना म्हणावं, कमिटीपुढे माझं नाव घेऊन काय सांगायचं ते सांगा, मी लेखी द्यायला तयार आहे. तू नको म्हणालीस तर तेही मला समजेल. एका बहिणीच्या हातून एकदा बरगडी वाया गेल्यावर दुसरी द्यावी असं कुणाला वाटेल?

पण काड्या सोडू नकोस. माझ्यावरच्या रागाने सोडशील म्हणून लिहिते. राग माझ्यावर काढ, जबड्यावर नको.

एक शेवटचं राहिलंय. आत्तापर्यंत सगळं सांगितलं आणि हे मुद्दाम मागे ठेवत आले, कारण झाकणांपेक्षा मला याचीच जास्त लाज वाटते. मार्चमध्ये बरगडी काढली तेव्हा तू तीन दिवस वॉर्डात होतीस. भावोजी लेकीच्या परीक्षेमुळे आले नव्हते. मी तुला कळवलं होतं की कामासाठी बाहेरगावी गेले आहे. मी कुठेही गेले नव्हते. आमची प्रयोगशाळा त्याच इमारतीत आहे, तुझ्या वॉर्डाच्या दोन मजले खाली. तू वर वेदनेने कण्हत होतीस आणि मी खाली तुझ्या पेशींना खाऊ घालत होते. तुझ्या खाटेजवळ कुणी बघितलं असतं तर नातं उघड झालं असतं, म्हणून आले नाही. तिसऱ्या दिवशी तुला चाकांच्या खुर्चीवरून गाडीपर्यंत नेलं, ते मी जिन्याच्या खिडकीतून बघितलं. तू पोटाशी हात धरून आजूबाजूला बघत होतीस. कुणाला शोधत होतीस ते मला विचारायची गरज नाही.

सोबत नवं संमतीपत्र जोडलंय. सगळं छापील आहे, तू फक्त वाचून सही करायची किंवा फाडून टाकायचं. शेवटच्या पानावर खाली दोन रिकाम्या जागा आहेत, 'सोबत राहणारी व्यक्ती' आणि 'रुग्णाशी नातं'. त्या मी भरलेल्या नाहीत. भावोजींचं नाव घातलंस तर मी काही म्हणणार नाही, त्या दिवशी खाली फाटकाशी बसून राहीन. तुझ्या वतीने आता मी काहीही भरणार नाही.

त्या जागेत तू जे लिहिशील, ती,
बारकी